कपाटाची किल्ली

(संस्थेच्या वार्षिक पारितोषिक वितरण समारंभात प्रमुख पाहुणे म्हणून केलेले भाषण)



आपल्या चिटणीसांनी मला विचारले, "तुम्ही आयुष्यभर लिहीत आलात, आमच्या मुलांना चार शब्द सांगाल का?" मी त्यांना कळवले की लिहिण्याविषयी सांगण्यासारखे माझ्यापाशी फारसे नाही. लिहिले ते थोडे, आणि त्यातले टिकेल ते त्याहूनही थोडे. वाचण्याविषयी मात्र सांगेन. वयाच्या सातव्या वर्षापासून आज ऐंशीच्या उंबरठ्यापर्यंत मी एखादे काम न चुकता केले असेल, तर ते वाचण्याचेच. त्यांनी ते मान्य केले, म्हणून आज मी आपल्यासमोर उभा आहे.

अशा समारंभात वक्ता उभा राहिला की पहिल्या दोन मिनिटांत 'इक्रा' हा शब्द येतो. पहिल्या वहीचा पहिला शब्द 'वाच' हा होता, हे आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकले आहे. ऐकून ऐकून तो शब्द आपल्या कानांना गुळगुळीत झाला आहे. त्यावर प्रवचन करण्याचा माझा अधिकार नाही. या शब्दाचे मी माझ्या आयुष्यात काय केले, आणि कुठे चुकलो, एवढेच मी सांगणार आहे.

माझे गाव वाशिष्ठीच्या खाडीकाठचे. वडील मुंबईच्या गोदीतून सुटणाऱ्या मालवाहू जहाजावर खलाशी होते. वर्षातले दहा महिने ते पाण्यावर असत. त्यांची पत्रे येत, कधी एडनहून, कधी मोंबासाहून. ती त्यांनी कुणा सोबत्याकडून लिहवून घेतलेली असत. आईला अक्षरओळख नव्हती. कुराणशरीफ तिने लहानपणी ऐकून काही पाठ केले होते, पण मराठी वा उर्दू लिपी तिला येत नव्हती. त्यामुळे मराठी दुसरीत गेल्यावर घरातली पत्रे वाचण्याचे काम माझ्याकडे आले. पुढे मोहल्ल्यातल्या आणखी चार-पाच घरांतली पत्रेही माझ्याकडे येऊ लागली. त्या घरांतलेही पुरुष बोटीवर होते. मी पायरीवर बसून वाची आणि त्या बाया पदर तोंडाला लावून ऐकत. माझ्या वाचनाची सुरुवात गोष्टीच्या पुस्तकापासून झाली नाही. ती दुसऱ्यांच्या पत्रांपासून झाली.

एका वर्षी रमजानच्या आधी वडिलांचे पत्र आले. त्यात सर्वांची खुशाली होती, मनीऑर्डरीचा तपशील होता आणि मध्येच एक ओळ होती की यंदा ईदला घरी येणे होणार नाही. आईने त्यांच्यासाठी चटईपासून गोडेलापर्यंत सगळी तयारी करून ठेवली होती. माझ्याने ती ओळ वाचवेना. मी ती गाळली आणि पुढचे वाचले. आई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तुझे डोळे एक ओळ खाली उतरले, आवाज नाही उतरला. तिथे काय आहे?" मला सांगावे लागले. ती रडली नाही. आमच्या कोकणी बोलीत ती जे म्हणाली, ते मी आजही विसरलो नाही. "मला वाचता येत नाही, म्हणून तर तुझ्यावर भरवसा. लिहिले असेल ते वाच. हसायचे की रडायचे, ते माझे मी बघेन."

मित्रहो, वाचनाविषयी मी पुढे बरेच काही ऐकले नि वाचले. पण माझ्या आईने सांगितलेल्या या नियमाहून मोठा नियम मला कुठे सापडला नाही. ज्याला वाचता येते, त्याच्याकडे न वाचणाऱ्याची अमानत असते. त्याने ओळ गाळायची नसते. दुसऱ्याने काय ऐकावे हे त्याने ठरवायचे नसते. हा नियम मी पुढे मोडला. कसा, ते सांगतो.

मला एक थोरली बहीण होती, माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. आम्ही तिला आपा म्हणत असू. आमच्या दोघांत हुशार तीच होती. पण गावातली शाळा चौथीपर्यंत, आणि पुढची शाळा खाडीपलीकडे. होडीतून मुलीला रोज कोण पाठवणार? चौथी झाल्यावर तिचे शिक्षण थांबले. त्याविरुद्ध कुणी बोलले नाही, कारण त्यात काही बोलण्यासारखे आहे असे कुणाला वाटलेच नाही. माझ्या वेळी मात्र होडीचे पैसे, फी, पुस्तके सगळ्याची सोय झाली.

आपाचे वाचन थांबले नाही. दुकानातून डाळ, गूळ, मिरची ज्या कागदात बांधून येई, तो कागद ती हाताने सपाट करी आणि वाची. त्यात कधी अर्धी बातमी असे, कधी एखाद्या मासिकातल्या गोष्टीचे मधलेच पान. पुढचे-मागचे ती स्वतः रचून मला सांगे. तिच्या त्या रचलेल्या गोष्टी पुष्कळदा छापील गोष्टींहून चांगल्या असत. आमच्या घरातला पहिला लेखक मी नव्हे. पण तिने रचलेले कुणी लिहून ठेवले नाही, एवढाच फरक.

खाडीपलीकडच्या त्या शाळेत, मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर, काचेच्या दारांचे एक कपाट होते. त्यात तीनेकशे पुस्तके होती आणि दाराला कुलूप होते. काचेतून पुस्तकांच्या पाठी दिसत. मधल्या सुट्टीत मी त्या कपाटापुढे उभा राही. दोन वर्षांत मला त्या सगळ्या पुस्तकांची नावे पाठ झाली. वाचले मात्र एकही नव्हते. कुलपाचे कारण साधे होते. पुस्तक हरवले तर त्याची किंमत सांभाळणाऱ्या शिक्षकाच्या पगारातून कापली जाई. त्या शिक्षकांना घरी खाणारी तोंडे होती. त्यांनी कुलूप लावले यात त्यांचा दोष मी आज मानत नाही. दोष त्या पद्धतीचा. त्या पद्धतीत हरवलेल्या पुस्तकाची नोंद होत होती. न वाचलेल्या पुस्तकाची नोंद करायला मात्र कुठल्याच वहीत रकाना नव्हता.

मी आठवीत असताना मराठी शिकवायला एक नवे सर आले. आठवडाभर त्यांनी मला त्या कपाटापुढे उभा पाहिले. शनिवारी त्यांनी मला बोलावले आणि किल्ली माझ्या हातात ठेवली. म्हणाले, "दर शनिवारी शाळा सुटल्यावर एक तास कपाट उघडायचे. कोण काय नेतो ते वहीत लिहायचे. आणि एक लक्षात ठेव, 'हे पुस्तक तुझ्यासाठी नाही' असे कुणाला म्हणायचे नाही."

त्या किल्लीने माझे आयुष्य उघडले म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. हरिभाऊ आपटे, नाथमाधव, साने गुरुजी मी त्या कपाटातून वाचले. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा कपाटात नव्हत्या. त्या वर्गातल्या मुलांकडून दप्तरात लपून येत, आणि त्याही मी वाचल्या. मुलांनी हलकीफुलकी पुस्तके वाचली म्हणून पालकांनी घाबरू नये. ज्याला पाने उलटण्याची चटक लागली, तो पुढे चांगल्या पुस्तकापाशी येतोच. ज्याला ती चटकच लागली नाही, त्याच्यापुढे ज्ञानेश्वरी ठेवली काय नि गुलिस्ताँ ठेवली काय, सारखेच.

इथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी, कारण आपल्यापैकी काही मुलांच्या मनात ती आजही असेल. ऐतिहासिक कादंबऱ्या वाचताना मी घोड्यावर बसून पळत असे, गडावर चढत असे. पण मध्येच एखादे पान येई, आणि त्यातला दुष्ट माणूस माझ्या नावाचा, माझ्या चुलत्याच्या नावाचा निघे. मी पुस्तक मिटून ठेवी. हे पुस्तक माझे की दुसऱ्याचे, असा प्रश्न बाराव्या-तेराव्या वर्षी पडणे फार जड असते. मी ते सरांना सांगितले. त्यांनी माझी समजूत घातली नाही, की त्या लेखकांना दूषणे दिली नाहीत. ते एवढेच म्हणाले, "एका पुस्तकाने दुखावले तर दुसरे वाच. वाचणे सोडलेस तर त्या एका पुस्तकाचेच खरे होईल."

मी दुसरे वाचले, मग तिसरे. शिवाजी महाराजांच्या आरमारात दौलतखान हा मोठा अधिकारी होता हे मला इतिहासाच्या पुस्तकात सापडले, तेव्हा खलाशाच्या मुलाला काय वाटले असेल याची कल्पना आपण करा. पुढे रा. चिं. ढेरे यांचे 'मुसलमान मराठी संतकवी' हे पुस्तक हाती आले. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात 'योगसंग्राम' हा ग्रंथ मराठीत लिहिला, हे त्यातून कळले. शाहीर अमर शेखांचा आवाज तर मी मुंबईला गेल्यावर कामगार मैदानावर कानांनी ऐकला. आपल्याच कोकणातल्या मिरजोळीच्या हमीद दलवाईंची 'इंधन' ही कादंबरी 1965 साली आली. त्यांच्या मतांशी माझे पुष्कळदा पटले नाही, आजही सगळे पटत नाही. पण आमच्या मोहल्ल्याचा वास मराठी कादंबरीत मला पहिल्यांदा आला तो तिथे, हे न सांगणे म्हणजे ओळ गाळणे होईल. आणि 1990 साली पुण्याच्या मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी यू. म. पठाण बसले, तेव्हा माझ्या मनातला तो तेरा वर्षांचा मुलगा निर्धास्त झाला. हे घर माझे आहे, हे मला कुणी सांगितले नाही. मी ते वाचत वाचत शोधून काढले.

तसे पाहिले तर मराठी मुलाचे दप्तर उघडले की त्यात दोन्ही घरे दिसतात. 'दप्तर' हा शब्द फारसी, 'कागद' फारसी, 'शाई' फारसी. 'कलम' आणि 'दौत' अरबीतून आलेले. पुस्तकाची 'जिल्द' अरबी, तिचा मूळ अर्थ कातडे. 'ग्रंथ' मात्र संस्कृत, आणि त्याचा मूळ अर्थ गुंफणे, गाठ मारणे. कातडे आणि गाठ एकत्र आली की बांधलेले पुस्तक तयार होते. कुठले कुणाचे हे वेगळे काढू गेलात तर पाने सुटी होतील.

आता वाचणाऱ्या वेड्यांच्या दोन-तीन गोष्टी सांगतो. नवव्या शतकात बसऱ्यात अल्-जाहिज नावाचा लेखक होऊन गेला. घरची गरिबी. पुस्तके विकत घेणे परवडत नसे. म्हणून तो पुस्तकविक्याचे दुकान रात्रीपुरते भाड्याने घेई आणि रात्रभर आत बसून वाचे. म्हातारपणी पुस्तकांची रास अंगावर कोसळून तो मेला असे सांगतात. खरे-खोटे अल्ला जाणे, पण वाचणाऱ्या माणसाविषयी अशीच आख्यायिका शोभते. दहाव्या शतकात बगदादमध्ये इब्न अन्-नदीम हा पुस्तकांच्याच धंद्यातला माणूस होता. अरबी भाषेतल्या जेवढ्या पुस्तकांची माहिती मिळेल तेवढ्यांची एक यादी त्याने 987 च्या सुमारास तयार केली. ती 'फिहरिस्त' या नावाने प्रसिद्ध आहे. त्या यादीतली कित्येक पुस्तके आज जगात कुठेही नाहीत. त्यांचे नाव तेवढे यादीत उरले आहे. मी काचेतून वाचलेल्या नावांसारखे.

तिसरी गोष्ट अकबर बादशहाची. बादशहाला स्वतःला वाचण्याचा सराव नव्हता. पण अबुल फज्लने 'आईन-इ-अकबरी'त लिहून ठेवले आहे की बादशहापुढे रोज पुस्तके वाचली जात. जिथे वाचन थांबे तिथे तो स्वतःच्या हाताने खूण करी, आणि वाचणाऱ्याला पानांच्या हिशेबाने बक्षीस देई. हे मी वाचले तेव्हा मला आईची आठवण झाली. पायरीवर बसून ऐकणारी माझी आई आणि तख्तावर बसून ऐकणारा बादशहा, दोघेही ऐकून वाचणारेच. म्हणून पालकांपैकी ज्या आयांना, आजींना वाचता येत नाही, त्यांनी मान खाली घालू नये. रोज संध्याकाळी मुलाला समोर बसवावे आणि म्हणावे, वाच, मी ऐकते. मुलाचे वाचन सुधारेल आणि आपल्या घरी बादशाही येईल.

मुंबईत मी गोदीत कारकून झालो. खोलीत पाच जण, दिवा एक. मग वाचायचे कुठे? तर लोकलमध्ये. जेवणाच्या सुट्टीत फोर्टात फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर जुनी पुस्तके मांडलेली असत. डबा चालता चालता संपवून मी तिथे उकिडवा बसे. शनिवारी बोरीबंदरसमोर अंजुमन-ए-इस्लामच्या करीमी लायब्ररीत उर्दू, आणि रविवारी दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात मराठी. एक लिपी उजवीकडून डावीकडे जाते, दुसरी डावीकडून उजवीकडे. दोन्ही वाचणाऱ्याची मान सरळ राहते, असे मी गमतीने म्हणत असे. इब्ने सफींच्या 'जासूसी दुनिया'चे अंक उशाखाली ठेवून मी उर्दू पक्की केली, हेही कबूल करतो.

विद्यार्थी मित्रांनी माझ्या सवयी विचारल्या आहेत, म्हणून त्या थोडक्यात सांगतो. रोज फजरनंतर वीस पाने, दिवस कसलाही असो. पानाचा कोपरा दुमडायचा नाही, खुणेला धागा ठेवायचा. पेन्सिल हातात ठेवायची, पण खूण फक्त स्वतःच्या पुस्तकात करायची. पुस्तक घेतले की आतल्या पानावर तारीख आणि किंमत लिहायची. पन्नास पानांनंतरही मन लागले नाही तर पुस्तक बाजूला ठेवायचे, लाज वाटून घ्यायची नाही. ते दहा वर्षांनी पुन्हा उघडून पाहायचे. पुष्कळदा तेव्हा ते बोलू लागते. दरम्यान पुस्तक बदललेले नसते, आपण बदललेले असतो. आता मोतीबिंदूनंतर मी काही पुस्तके मोबाईलवर अक्षर मोठे करून वाचतो. मोबाईलला शिव्या देणाऱ्यांत मी नाही. त्यावर काय उघडतो एवढेच पाहायचे.

आता थोडा हिशेब करा. रोज वीस पाने म्हणजे वर्षाला 7,300 पाने. दोनशे पानांचे पुस्तक धरले तर वर्षाला छत्तीस पुस्तके. साठ वर्षे हा नेम चालवला तर 2,160. एवढेच. माझ्या कारकुनी डोक्याने हा हिशेब केला तेव्हा मी दचकलो. एका माणसाचे सारे आयुष्य चार-पाच कपाटांत मावते. म्हणून जे वाचायचे ते लवकर सुरू करा, आणि कुणाची वर्षे कुलपात घालवू नका.

इथे मी माझ्या चुकीकडे येतो.

किल्ली माझ्याकडे आली तेव्हा आपा घरीच होती. मी तिच्यासाठी पुस्तके नेऊ लागलो. वर्षअखेरीस सरांनी आणि मी पुस्तके मोजली, तेव्हा तीन कमी भरली. तिन्हींवर वहीत परत आल्याची खूण होती, आणि खुणा माझ्याच हाताच्या. सरांनी कुणाला न सांगता साडेसात रुपये स्वतः भरले. तेव्हा ती शिक्षकाच्या घरी लहान रक्कम नव्हती. मला ते म्हणाले, "तीन हरवली ती लक्षात ठेवू नकोस. वाचली गेली किती, ते मोज."

पुढच्याच वर्षी आपाचे लग्न झाले. मी मुंबईला आलो, माझे वाचन वाढले, नाव झाले. आपाकडे जाई तेव्हा मिठाई नेई, कापड नेई. पुस्तक नेण्याचे मला सुचले नाही. ती संसारात आहे, तिला कुठे वेळ, असे मीच ठरवून टाकले होते.

तीसेक वर्षांनी एका पावसाळ्यात मी तिच्याकडे राहिलो. संध्याकाळी वीज गेली. शेजारच्या सहा-सात बाया आल्या, कंदिलाभोवती बसल्या, आणि आपाने पेटीतून एक पुस्तक काढले. पाने पिवळी, पाठीला कापडाची पट्टी शिवलेली. ती वाचू लागली. 'श्यामची आई'. साने गुरुजींचे पालगड तिथून काही फार लांब नाही. त्या पुस्तकातले घर ब्राह्मणाचे, पण त्यातले कर्ज, त्यातला पाऊस, त्यातली आई त्या बायांना अनोळखी नव्हती. एकीचे डोळे भरून आले होते. कुठले पान केव्हा येणार हे त्यांना पाठ होते, यावरून हे वाचन पहिले नव्हे हे मला कळले. वाचून झाल्यावर मी पुस्तक हातात घेतले. आत माझ्या शाळेचा गोल शिक्का होता. ते त्या तीन पुस्तकांतले एक होते. मी परतीची खूण आधीच करून ठेवली होती, आणि तिने ते माझ्या दप्तरातून काढून घेतले होते.

मी म्हणालो, "आपा, याचे पैसे सरांनी भरले, ठाऊक आहे तुला?" ती थोडा वेळ कंदिलाकडे पाहत राहिली. मग शांतपणे म्हणाली, "तुला आख्खे कपाट मिळाले. मला एकच मिळाले. तुझ्या हातात किल्ली होती, पण तुला कुठले पुस्तक हवे आहे, असे तू मला एकदाही विचारले नाहीस. तुला आवडले ते आणलेस, तुला वाटले तेव्हा आणणे बंद केलेस."

मी काय उत्तर देणार? वडिलांच्या पत्रातली ओळ मी एकदा गाळली होती, ती आईने पकडली. इथे मी बहिणीच्या आयुष्यातली पानेच्या पाने गाळली होती, आणि पकडायला कुणी नव्हते. काचेच्या कपाटाला कुलूप लावणाऱ्यांना मी मनात नावे ठेवत आलो होतो. आपाच्या बाबतीत ते कुलूप मीच होतो.

मी सरांना शोधत गेलो. ते निवृत्त होऊन गावी राहत होते. त्यांना सगळे सांगितले आणि साडेसात रुपयांचा विषय काढला. ते मोठ्याने हसले. म्हणाले, "अरे, मग ते हरवले कुठे? कपाटातली बाकीची हरवली म्हण." पैसे त्यांनी घेतले नाहीत. त्यानंतर आपा होती तोवर, म्हणजे अकरा वर्षे, दर महिन्याला मी तिला विचारून पुस्तक पाठवत राहिलो. ती काय काय मागवी! प्रवासवर्णने, आरोग्याची पुस्तके, एकदा तर आकाशातल्या ताऱ्यांचे. मी माझ्या मनाने पाठवले असते तर यातले एकही पाठवले नसते.

डॉ. एस. आर. रंगनाथन हे 1924 साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. त्यांनी 1931 साली ग्रंथालयांसाठी पाच नियम मांडले. त्यातला पहिलाच नियम असा की पुस्तके वापरासाठी असतात. इतकी साधी गोष्ट नियम म्हणून का सांगावी लागली? कारण जगाला ती पटायला फार काळ लागला. मध्ययुगात युरोपातल्या ग्रंथालयांत पुस्तके साखळदंडांनी फळ्यांना बांधून ठेवत. इंग्लंडमध्ये हेरफर्डच्या चर्चमध्ये असे ग्रंथालय आजही दाखवतात. आपण साखळदंड लावत नाही. आपण कुलूप लावतो, आणि किल्ली कुणाकडे आहे ते कुणालाच ठाऊक नसते.

आणि जपून ठेवलेले तरी जपले जाते का? चिपळूणचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर 1864 सालचे. 22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठीचे पाणी शहरात शिरले आणि त्या ग्रंथालयातही शिरले. पाणी ओसरल्यावर मी तिथे गेलो होतो. भिजून फुगलेल्या पुस्तकांचे ढीग पाहून मला जनाजा पाहिल्यासारखे झाले. पण थोड्याच दिवसांत लोक आपापल्या घरातली पुस्तके तिथे आणून देताना दिसले. मीही चार देऊन आलो. घरांत पुस्तके होती म्हणून ग्रंथालयाला परत देता आली. आणि घरांत पुस्तके का होती? पिढ्यान्‌पिढ्या त्या ग्रंथालयाने वाचायची सवय लावली होती म्हणून. पाण्याने कागद जातो, सवय जात नाही. कुलपाआडच्या पुस्तकांना मात्र असे मागे उभे राहणारे कुणी नसते.

विश्वस्त मंडळींना माझी एक विनंती आहे. सकाळी मी आपली शाळा पाहिली. इमारत सुंदर आहे, प्रयोगशाळा आहे, संगणक आहेत, आणि मुलींची संख्या मुलांहून जास्त आहे हे पाहून तर मला आपाला फोन करावासा वाटला. ग्रंथालयाची खोलीही पाहिली. कपाटे चांगली आहेत. त्यांना कुलपे आहेत. मी पाहुणा आहे, आणि पाहुण्याने यजमानाच्या कुलपाविषयी बोलू नये. पण या वयात स्पष्ट बोलण्याची सवलत मिळते, ती मी घेतो.

माझ्या घरी अकराशेच्या आसपास पुस्तके आहेत, मराठी, उर्दू आणि थोडी इंग्रजी. ती सगळी मी या संस्थेला देऊ इच्छितो. अट एकच. ज्या कपाटात ती राहतील त्याची किल्ली नववीतल्या एका विद्यार्थिनीकडे असावी आणि आठवड्यातून दोन दिवस तिने ते उघडावे. गावातल्या ज्या मुली, ज्या सुना शाळेत येऊ शकत नाहीत, त्यांनाही त्यातले पुस्तक घरी नेता यावे, आणि नेण्याआधी त्यांना काय हवे ते विचारले जावे. पुस्तके हरवतील, दर वर्षी हरवतील. त्यांची किंमत कुठल्याही शिक्षकाच्या पगारातून कापली जाऊ नये म्हणून पुस्तकांबरोबर थोडी रक्कमही ठेवतो आहे. हरवणाऱ्या पुस्तकांसाठी हा आगाऊ भरणा समजा. त्या रकमेचा पहिला आकडा साडेसात रुपये असा लिहावा, एवढा हट्ट मात्र पुरवा.

त्या पुस्तकांत पिवळ्या पानांचे, पाठीला कापड शिवलेले एक पुस्तक असेल. आपाच्या मुलीने ते मला परत दिले. त्यावर एका दुसऱ्या शाळेचा शिक्का आहे. तो पुसू नका. आणि ते पुस्तक काचेआड मात्र ठेवू नका.

 बक्षीस मिळालेल्या मुलांचे अभिनंदन. ज्यांना मिळाले नाही त्यांनी शनिवारी कपाटाकडे यावे. खुदा हाफिज.